आठ म्हणजे आठच

मे महिन्यात इकडे गवत कापायला सुरुवात झाली की मला शिंका येतात आणि मेधाताई आठवतात. शिंकांवर गोळी मिळते.

मँचेस्टरमधल्या ज्या शाळेत मी केमिस्ट्री शिकवते, तिथल्या जिममध्ये काल बाकं मांडून झाली. सुटी सुटी, एकेका मुलाची, कुणाचा हात कुणाला लागणार नाही अशी. बास्केटबॉलच्या रंगीत रेघांवरून बाकांच्या रांगा गेल्यात. समोरच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ. दार उघडं राहिलं की बाहेरून कापलेल्या गवताचा वास आत येतो, आणि आत रबरी बुटांचा जुना वास असतोच. हे दोन वास एकत्र झाले की इथल्या मुलांना परीक्षा आठवते. मला त्याच वासाने स्टॅनमोरचं एक घर आठवतं आणि त्या घरातला एक पियानो.

नाशिकला मे म्हणजे परीक्षा संपल्यानंतरचा महिना. इथे वर्षातला सगळ्यात देखणा महिना परीक्षांना देऊन टाकलेला आहे. चेस्टनटच्या झाडांवर पांढरे तुरे उभे राहतात, साडेनऊपर्यंत उजेड रेंगाळतो, शेजारच्या बागेत कुणीतरी कोळसा पेटवून सॉसेज भाजत असतं, आणि सोळा वर्षांची मुलं या सगळ्याकडे पाठ करून, पडदे ओढून बसतात. ज्याने हे वेळापत्रक पहिल्यांदा आखलं त्याला मुलं फारशी आवडत नसावीत.

स्टॅनमोरला लंडनची ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, संपते. गाडी थांबते आणि पुढे रूळच नाहीत. मी तेव्हा लंडनमध्ये एमएस्सी करत होते आणि त्या शेवटच्या स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एका मराठी कुटुंबात राहत होते. खोली म्हणजे जिन्याच्या वरची बॉक्सरूम. पलंगावर बसलं की गुडघे कपाटाला लागायचे. ठरलं होतं असं की मी राहायचं आणि त्यांच्या मुलीला, इराला, जीसीएसईची, म्हणजे इथल्या दहावीची, केमिस्ट्री शिकवायची.

"मला काकू म्हणू नकोस हं," इराच्या आई, मेधाताई, दारातच म्हणाल्या. "ताई म्हण. मी काही म्हातारी झाले नाहीये." आणि मी बूट काढायच्या आत, "इंग्लिश मीडियमची ना तू? मग सांग बरं, एकोणऐंशी म्हणजे किती?"

मी एक बूट हातात धरून उभी राहिले. आमच्या शाळेत आकडे इंग्रजीत होते, आणि घरी एवढे मोठे आकडे कुणी मला विचारत नसे. "सिक्स्टी-नाइन?"

त्या मनापासून हसल्या आणि आत नवऱ्याला हाक मारली. "सतीश, ऐकलंस का? एकोणऐंशी म्हणजे सिक्स्टी-नाइन! अगं, मग एकोणसत्तरला मी कुठे बसवू?"

त्यानंतर घरी पाहुणे आले की मला वरून बोलावणं यायचं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबायचे. "ही आमच्याकडे राहते. बोलत नाही, पण हुशार आहे म्हणे. हं, सांग गं, एकोणपन्नास?" मी ते आकडे एका रविवारी पाठ करून टाकले. मग त्यांनी विचारणंच बंद केलं.

मेधाताईंना माणसं लावून ठेवायची सवय होती. त्या एका मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होत्या, बहुतेक दिवस घरूनच काम करायच्या. फ्रीझरमधल्या डब्यांवर जशी त्यांची चिठ्ठी असायची, आमटी, गोळाभाजी, नारळ, तशीच माणसांवरही असायची. आधी आडनाव, मग गाव, मग पासपोर्ट ब्रिटिश लाल की भारतीय निळा. एवढं कळलं की माणूस कुठल्या कप्प्यात जातो हे ठरायचं आणि त्याच्याशी कुठल्या आवाजात बोलायचं हेही. मी खालच्या कप्प्यात होते. तिथे थंडी असते, पण कुणी सारखं उघडून बघत नाही. मला ती जागा सोयीची होती.

इरा तिथेच जन्मलेली. उंच, दातांवर तारा, नखं कुरतडलेली, आणि कुणाचाही आवाज एकदा ऐकला की हुबेहूब काढणारी. माझा तर तिने पहिल्याच दिवशी काढला. "वॉटर वेपर," ती माझ्यासारखी ओठ गोल करून म्हणाली. "Say it again, ताई, please." दुष्टपणा होता तो, पण तोंडासमोरचा. त्या घरात तोंडासमोरच्या दुष्टपणाला मी मैत्री समजायला लागले होते.

"मला केमिस्ट्री नाही आवडतो," तिने जाहीर केलं. "तो खूप बोअरिंग आहे."

"ती," स्वयंपाकघरातून आवाज आला. "ती बोअरिंग आहे."

"कोण, ताई?"

मेधाताई लॅपटॉपवर मीटिंगमध्ये असल्या, माइक बंद असला, डोळे पडद्यावर असले, तरी इराच्या मराठीतलं चुकलेलं लिंग त्यांना भिंतीपलीकडून ऐकू जायचं.

त्या अभ्यासक्रमात एक छोटा धडा होता: मूलद्रव्यांना ओळीत कसं लावायचं हे माणसांना सुचलं कसं. दोन पानं, थोडेसे मार्क. मला तो सगळ्यात आवडायचा, कारण उरलेल्या केमिस्ट्रीत माणसं नसतात. इराला त्या शास्त्रज्ञांची नावं लक्षात राहत नव्हती, म्हणून तिने सगळ्यांना काका करून टाकलं.

पहिले तिघांचे काका. जर्मन. त्यांना मूलद्रव्यांची त्रिकुटं सापडली: लिथियम, सोडियम, पोटॅशियम. तिघांचे स्वभाव सारखे, आणि मधल्याचं वजन दोन्ही टोकांच्या सरासरीइतकं.

"म्हणजे बाबा, मी आणि आई," इरा म्हणाली.

"तू मधे?"

"ऑफ कोर्स. I'm literally the average." मग जरा विचार करून, "आई पोटॅशियम. पाण्यात टाकलं की..." तिने दोन्ही मुठी उघडून आवाज केला. "जांभळा फ्लेम!"

"जांभळी," आतून आवाज आला.

दुसरे स्क्रूकाका. फ्रेंच. त्यांनी मूलद्रव्यं एका नळकांड्याभोवती जिन्यासारखी गुंडाळली, म्हणजे सारख्या स्वभावाची बरोबर एकमेकांखाली आली. कल्पना सुरेख होती, पण लेख छापला तेव्हा आकृतीच गाळली गेली. वाचणाऱ्यांच्या हातात नुसते शब्द आले आणि कुणाला काही समजलं नाही.

"That's so you, ताई," इरा म्हणाली. "आतमध्ये पूर्ण डायग्राम आहे, but nobody printed it."

माझं याहून अचूक वर्णन नंतरही कुणी केलेलं नाही. मी पेन्सिलीला टोक काढत बसले.

तिसरे ऑक्टेव्हकाका. हे लंडनचेच. साखरेच्या कारखान्यातही त्यांनी काम केलं. त्यांनी मूलद्रव्यं वजनाच्या क्रमाने लिहून काढली आणि त्यांना दिसलं की कुठूनही मोजायला लागा, आठवं पहिल्यासारखं वागतं. लिथियमपासून आठवं सोडियम. सोडियमपासून आठवं पोटॅशियम. निऑन-आर्गॉनसारखे वायू तेव्हा कुणाला माहीत नव्हते, म्हणून हे जमत होतं. आज मोजलं तर एकाने चुकतं. काकांना ते सुरांसारखं वाटलं, म्हणून त्यांनी त्याला ऑक्टेव्हचा नियम म्हटलं.

इरा लगेच उठून पियानोपाशी गेली. तो जुना, तपकिरी, एका पायाखाली पुठ्ठा घातलेला पियानो बैठकीच्या खोलीत होता, आणि त्या घरात इराचं म्हणावं असं तेवढंच होतं. तिने सी-पासून सी-पर्यंत एकेक पट्टी दाबली. "एट."

"सात," मी म्हणाले.

मी कुणाशी वाद घालत नाही. पण नाशिकला चार वर्षं गाणं शिकले होते आणि हे मला माहीत होतं. "सा रे ग म प ध नी. सात. म्हणून तर सप्तक. वरचा सा म्हणजे पहिलाच सा, तो पुन्हा मोजायचा नाही."

"But you have to land somewhere, ताई!" तिने वरचा सी जोरात दाबून धरला. "उतरायला नको?"

"आम्ही उतरत नाही. तिथून परत निघतो."

ती हसली आणि मग वाजवायला लागली. तिचा तो संथ तुकडा मला पुढे पाठ झाला. डावा हात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो आणि उजवा हात दर वेळी ती नव्याने ऐकल्यासारखं करतो. वाजवताना इरा कुणाची नक्कल करत नसे. मेधाताई त्या वेळी दार लोटून घ्यायच्या. मीटिंग असायची.

ऑक्टेव्हकाकांनी आपला तक्ता लंडनच्या विद्वान केमिस्ट मंडळींच्या सभेत वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर एकाने विचारलं, मूलद्रव्यं नावाच्या आद्याक्षरांप्रमाणे लावून पाहिलीत का? हसले सगळे. त्यांचा निबंध सभेच्या नियतकालिकात छापलाही नाही. इराला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "That's so mean." मग, "But it's a good joke." दोन्ही खरं होतं. चांगला विनोद असल्याशिवाय इतकी शहाणी माणसं एकदम हसत नाहीत.

हसायला कारणही होतं. काकांनी एकही जागा रिकामी सोडली नव्हती. कॅल्शियमपर्यंत सगळं सुरळीत, आणि पुढे रांग भरायची म्हणून एकाच खुर्चीवर दोघांना बसवलं, लोखंडाला ऑक्सिजनच्या ओळीत घातलं. नंतरच्या रशियन दाढीकाकांनी तेवढंच वेगळं केलं: जिथे कुणी बसत नव्हतं तिथे रिकामी जागा सोडली आणि सांगितलं, येईल कुणीतरी.

मेधाताईंच्या तक्त्यात रिकामी जागा नव्हती. इराच्या चौकोनात मेडिसिन लिहिलेलं होतं, अगदीच नाही तर फार्मसी. पियानो ग्रेड एटपर्यंत, म्हणजे शेवटच्या परीक्षेपर्यंत करायचा, तो अर्जावर छान दिसतो, आणि मग झाकण लावायचं. इराला पियानोच पुढे शिकायचा होता. तिच्या पियानोच्या बाईंनी तिचं नाव संगीत शिकवणाऱ्या एका सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, वेटिंग लिस्टवर घातलं होतं. तिथे जागा सुटली तर एकदा येऊन वाजवून दाखवायचं, बस्स. मेधाताईंनी सही केली होती. "वेटिंग लिस्टवर ना? असू दे की," असं म्हणत.

आता गुढीपाडव्याची गोष्ट सांगते. ती परीक्षेच्या आधीची आहे, पण इथेच सांगायला हवी.

हॅरोजवळच्या एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता. खुर्च्या, श्रीखंडाच्या वाट्या, रेशमी साड्यांवर कार्डिगन. मेधाताई घोळक्यात उभ्या होत्या. "आमच्या इराची गंमत सांगते. सोमवारी मी हिला म्हटलं, पंधरा दिवसांनी दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, शाळेच्या गेटवर थांब. मी सोमवारी गाडी घेऊन उभी, ही नाहीच! आणि मंगळवारी फोन येतो, आई, where are you, मी गेटवर आहे. पंधरा म्हणजे मोजून पंधरा!" बायका हसल्या. एक म्हणाली, "अगंबाई, आता हिला पंधरवड्याचे दिवस किती ते शिकवा." मेधाताई म्हणाल्या, "शिकवायचं कशाला? मजा येते." इरा हातात वाटी धरून शेजारीच उभी होती. तारांमध्ये चारोळी अडकलेली, म्हणून ओठ मिटून हसत.

मे उजाडला. एजवेअरच्या दुकानातून हापूसची पेटी आली आणि सगळ्या घराला तो वास लागला. शाळेने मुलांना अभ्यासाची सुट्टी दिली. माझं नाक वाहत होतं, इराच्या बोटांना हायलायटरचा रंग लागलेला होता, आणि एका बुधवारी संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन कुजबुजली, "ताई, जागा आली. They called आई. पुढच्या आठवड्यात ऑडिशन." तिने माझ्या पलंगावर दोन्ही हातांनी तो तुकडा मुक्यानेच वाजवला. मला मँचेस्टरला मुलाखतीला जायचं होतं, शिक्षकाच्या कोर्ससाठी, पुढच्याच बुधवारी. गुरुवारी परत. "म्हणजे दोघींची परीक्षा," मी म्हणाले. तिने माझी नक्कल केली. "दोघींची पअरीक्षा."

मी गुरुवारी संध्याकाळी परतले तेव्हा इरा जिन्यात बसली होती. पांढरा शर्ट, काळा स्कर्ट, पायात बूट तसेच. त्या घरात बूट घालून जिन्यात कुणी बसत नसे. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालू होता.

"काल होती," ती म्हणाली.

ती त्या दिवशी, गुरुवारी, गेली होती. ट्यूब बदलून, संगीताची पिशवी घेऊन, वेळेच्या आधी पोचली. तिथल्या बाईंनी यादी पाहिली, पुन्हा पाहिली, आणि फार प्रेमाने सांगितलं की तुमचं नाव काल होतं. तुम्ही आला नाहीत, म्हणून पुढच्या मुलाला बोलावलं. त्याने वाजवलं. जागा गेली.

मग तिने मला आधीच्या बुधवारचं सगळं सांगितलं. फोन आईला आला होता, कारण फॉर्मवर आईचा नंबर, ईमेलही आईच्याच पत्त्यावर. आई कोथिंबीर निवडत म्हणाली, "तुझ्या त्या पियानोवाल्यांचा फोन होता. आठ दिवसांनी बोलावलंय, अडीचला." इराला दातांच्या डॉक्टरची गंमत आठवत होती. ती या वेळी सावध होती. तिने विचारलं.

"I asked her, ताई. मी बोलले, आठ? म्हणजे eight?"

"मग?"

"ती बोलली, हो. आठ म्हणजे आठच."

इराने बोटांवर मोजलं आणि फोनमध्ये गुरुवार घातला.

"आणि काल," ती म्हणाली, "काल दुपारी आई आला माझ्याकडे. लॅपटॉप बंद करून. तिने मला आंबा कापून दिली. सोफ्यावर बसली आणि बोलली, वाजव. पूर्ण. She's never asked. मी पूर्ण वाजवलं, आणि ती बोलली, छान वाजवतेस गं."

"किती वाजता?" मी विचारलं. विचारायला नको होतं असं मला वाटत नाही.

इराने माझ्याकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं नव्हतं, म्हणाली. पण शेजारच्या प्रायमरी शाळेतली मुलं, जी सव्वातीनला सुटतात, ती अजून सुटली नव्हती.

सतीशदादा कामावरून आले आणि सगळं स्वयंपाकघरात झालं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते, आकडे सांगायची माझी नेहमीची जागा.

"आठ दिवसांनी म्हणजे आठवड्याने," मेधाताई पोळी लाटत म्हणाल्या. "हे सांगलीत शेंबड्या पोरालाही कळतं. बुधवारी सांगितलं, बुधवारीच येणार ना?"

"I asked you!"

"विचारलंस, आठ का. मी म्हटलं, हो, आठ. आठच म्हणतात. यात मी खोटं काय बोलले, सांग."

"मेधा, अगं पण काल तू घरी होतीस," सतीशदादा म्हणाले. "ही घरातच आहे हे दिसलं ना तुला?"

"मला वाटलं, हिने जायचं नाही ठरवलं. केमिस्ट्रीचा पेपर तोंडावर आहे. म्हटलं, आली अक्कल. म्हणून तर कौतुकाने आंबा दिला." पोळी तव्यावर पडली. "मराठी येत नाही, हा काय माझा दोष?"

सतीशदादांनी चष्मा काढून पुसला. "तसं बघितलं तर दोघींचंही बरोबर आहे," ते म्हणाले. त्या तिघांमध्ये मधलं कोण, हे मला तेव्हा कळलं.

त्या रात्री मी कपाटाला गुडघे लावून बसले आणि मोजत राहिले. किती विचित्र आहे बघा. सुरांमध्ये इंग्रज आठ मोजतात आणि आपण सात. दिवसांमध्ये ते सात मोजतात आणि आपण आठ. बाजाराच्या दिवसापासून बाजाराच्या दिवसापर्यंत, निघाला तो दिवसही धरायचा आणि पोचला तो दिवसही. म्हणून सात दिवसांचा आठवडा आणि चौदा दिवसांचा पंधरवडा. आपल्यातल्या कुणाला हे कधी खटकत नाही. कानाला लागून गेलेलं असतं. इरा सुरांत इंग्रजीत मोजायची, म्हणून तिथे तिला आठ यायचे, आणि दिवस तिने मराठीत ऐकले, इंग्रजीत मोजले. त्या एका दिवसाच्या फटीत तिची आई नीट, न वाकता मावली.

चुकून झालं असेल का? मी हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारला आहे. एखादी बाई कोथिंबीर निवडताना सहज "आठ म्हणजे आठच" म्हणू शकते. पण दीड महिन्यापूर्वी तीच बाई श्रीखंडाची वाटी हातात घेऊन म्हणाली होती की ही पंधरा म्हणजे मोजून पंधरा धरते. आणि सोफ्यावर बसून तो तुकडा पूर्ण ऐकणं हे काही कोथिंबीर निवडता निवडता होत नाही. त्या बुधवारी इराने ऑडिशन दिली. ऐकणारं माणूस तेवढं वेगळं होतं, आणि निकाल आधीच लागलेला होता.

केमिस्ट्रीचा पेपर झाला. त्यात ऑक्टेव्हकाका आले. लोकांनी त्यांचा तक्ता का नाकारला, कारणं लिहा. इराने घरी येऊन उत्तर मला म्हणून दाखवलं, माझ्या आवाजात, माझ्या उच्चारात, एक शब्द न चुकता: त्यांनी रिकाम्या जागा सोडल्या नाहीत, वेगळ्या स्वभावाच्या मूलद्रव्यांना एका ओळीत कोंबलं. ऑगस्टमध्ये निकाल लागला, केमिस्ट्रीत वरची ग्रेड. मेधाताईंनी मला पेढा भरवला. "तुझ्यामुळे हं," त्या म्हणाल्या आणि माझ्या गालाला हात लावला. त्यांचा हात मऊ आणि गरम होता. पियानोच्या झाकणावर तोवर इस्त्रीचे कपडे साठायला लागले होते.

ऑक्टेव्हकाकांना पुढे बऱ्याच वर्षांनी पदक मिळालं. पाठ्यपुस्तकात ते वाक्य शेवटी असतं आणि माझ्या वर्गातली मुलं ते वाचून सुटल्यासारखी होतात. त्यांना वाटतं, झालं, भरपाई झाली. मी त्यांना विचारते की सभेत जे हसले त्यांना काय झालं? काही नाही. त्यांचा दिवस चांगला गेला. ते घरी जाऊन जेवले असतील आणि तो विनोद बायकोला सांगितला असेल.

इरा आता मँचेस्टरलाच फार्मसी शिकते. आम्ही कधी कधी ट्रामने एकत्र येतो. ती आता कुणाची नक्कल करत नाही. ट्राममधल्या पिवळ्या दांड्याला धरलेली तिची बोटं मात्र थांबत नाहीत. डावा हात एकच गोष्ट सांगत राहतो. तिचं मराठी सुधारलंय. आंबा कापून दिला, असं बरोबर म्हणते.

गेल्या आठवड्यात ट्राममध्येच तिला आईचा फोन आला. परीक्षा संपत आली, घरी कधी येणार. इराने खिडकीबाहेर बघत गोड आवाजात सांगितलं, "येते ना आई. आठ दिवसांनी." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, आठ," इरा म्हणाली. "आठ म्हणजे आठच."

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. तो बुधवार होता.

ती दर वेळी असंच करते. तिकीट गुरुवारचं काढते. कधी रविवारी फोन झाला तर सोमवारचं. मेधाताईंना वार विचारता येत नाही. वार विचारला तर ज्या दिवशी त्यांनी स्वतः तो सांगायला हवा होता त्या दिवसापर्यंत मागे जावं लागेल. म्हणून त्या आधीच्या दिवशीच सगळं करून ठेवतात, मसालेभात, अळूची वडी, इराला आवडतं ते, आणि दिवसभर दाराकडे कान लावून बसतात. दुसऱ्या दिवशी इरा येते, बूट काढते, आणि तेच गरम करून वाढलेलं जेवते. चवीला छान आहे म्हणते. घरात कुणी आवाज चढवत नाही. हे घरातलं मला इराने सांगितलेलं नाही. मेधाताईंच्या फोनवरून कळतं, कारण अलीकडे त्या मला फोन करतात.

कालही केला. मी जिममध्ये होते, बाकांवर नंबर चिकटवत. आधी त्यांनी माझ्या शिंकांची चौकशी केली. मग मुंबईचा आंबा महाग झाल्याचं सांगितलं, पेटी आणून ठेवलीय म्हणाल्या, लगेच पिकतो गं, एक दिवससुद्धा थांबत नाही. मग मुद्द्यावर आल्या.

"तुला काही बोलली का गं इरा? नक्की कधी येतेय?"

समोरच्या भिंतीवर ते मोठं घड्याळ होतं. मला गुरुवार माहीत होता, गाडी माहीत होती, डब्यातली सीटसुद्धा माहीत होती.

"आठ दिवसांनी म्हणाली, ताई," मी म्हणाले.

"हो, ते मलाही म्हणाली. पण म्हणजे कधी?"

मी पुढच्या बाकावर नंबर चिकटवला, एकोणऐंशी, आणि अंगठ्याने नीट दाबला.